फाटा ते घर

कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावात एसटीच्या फाट्यापासून घरापर्यंत चालत दहा मिनिटं लागतात. पण ती तोंड शिवून चालणाऱ्याला.

पाय जमिनीला टेकतोय, हातात बॅग, केसात धूळ, तोवर पानपट्टीतनं हाळी येते, "आलास?" "नाही, अजून वाटेत आहे" असं ओठांवर येतं, पण म्हणायचं "आलो की." चार पावलांवर दुसरा, "कवा आलास?" "ह्यो काय, आत्ताच." मग तिसरा, "काय म्हनतंय पुनं?" इथं नवखा माणूस फसतो. वाहतूक, पाणीकपात, घरभाडं सगळं सांगत बसतो. पुणं काहीही म्हणत नसतं. "हाय की" एवढंच उत्तर, तेही न थांबता द्यायचं.

कुणाला काय म्हणायचं, ही खरी कसोटी. "नमस्कार" केला तर निवडणुकीला उभा राहतोय काय म्हणून बघतात. थोरांना "राम राम", बरोबरीच्याला "काय मर्दा", धाकट्याला "काय रं लेका". पण वयावर भिस्त ठेवायची सोय नाही, भावकी आडवी येते. दूध संस्थेच्या दारात किटली घेऊन उभं असलेलं, शर्टाच्या बाहीला नाक पुसणारं पोरगं नात्यानं माझा चुलता आहे. त्याला "काय नाना, बरं हाय न्हवं?" विचारावं लागतं. तोही गंभीरपणे "बरं हाय" म्हणतो आणि वर "पोरं काय म्हनत्यात?" अशी माझी चौकशी करतो.

पुढं वहिनी दारात. "कवा आलासा भावजी? आत्ताच तुमची आठवण काढत हुतो." माझी बायको नागपूरची. "हुतो" ऐकून तिनं आधी दारामागं कोण पुरुष उभा आहे ते पाहिलं. मग सावरून विचारलं, "काय करून राह्यल्या, वहिनी?" वहिनी म्हणाल्या, "राह्यलो कुठं, आजून कराय लागलोय की!" दोघी मराठीच बोलत होत्या. मी मधे दुभाष्या.

एक मात्र बरं. घरातनं निघालेल्याला "कुठं" म्हणून कुणी विचारत नाही, काम फिसकटतं म्हणे. नुसतं "लांब?" आपण म्हणायचं, "हितंच जरा." मग मुंबईला का निघालेले असेना.

मागल्या खेपेला एकटाच होतो, म्हणून पाणंदीनं निघालो. दोन्हीकडं डोक्याच्या वर ऊस, कुणी दिसायची सोय नाही. निम्म्यात आलो तर उसातनं आवाज, "थोरला का धाकटा?"

"धाकटा."

"वाटलंच. बा बी असाच पाय घासतोय. जेवलास?"

दुपारचे चार वाजले होते. "जेवलो," म्हटलं.

"मग च्या पिऊन जा की!" म्हणे. उसात!

घरी पोचलो तर आई उंबऱ्यातच. "पाणंदीनं का आलास रं? फाट्यावरनं दोघंजन इचारून गेलं, पोरगं रुसलंय का म्हनून."