तोच मुलगा का हा?

आज दुपारी भाच्याला 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम' दाखवत होते. वय वर्षं दहा. शेवट जवळ आला तशी मी रुमाल घेऊन तयारीत बसले, कारण टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, मरतो तिथे मी दर वेळी रडते आणि मला त्याची काडीची लाज वाटत नाही. त्याने चुटकी वाजवली, शत्रूची सेना राख होऊन उडाली, त्याची बायको पेपर त्याच्याजवळ येऊन बसली, छातीतला तो निळा दिवा विझला. माझा गळा दाटून आलेला. आणि हे भाचेराव माझ्या पाठीवर थोपटत म्हणतात, "आत्या, रडू नको गं. तो परत येणारे. व्हिलन होऊन."

संपलं. माझं रडणं जागीच वाळलं.

आणि चूक काय बोलला तो? जुलै २०२४ मध्ये सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनला टोनी झालेला रॉबर्ट डाउनी ज्युनिअर हिरवा झगा घालून स्टेजवर आला, तोंडावरचा मुखवटा काढला, आणि आता आपण डॉक्टर डूम नावाचा व्हिलन असं जाहीर झालं. लोक वेड्यासारखे ओरडले. फोनवर बघताना मीपण ओरडले होते, खोटं कशाला बोलू. पण तो टोनी नाही, वेगळंच पात्र आहे, असलं मला शिकवायला येऊ नका. दहा वर्षांच्या पोराला चेहरा कळतो. तो चेहरा २०१९ मध्ये मेला होता, आणि त्यासाठी आपण अकरा वर्षं त्याच्याबरोबर चाललो होतो. आता पोराच्या लेखी ते मरण म्हणजे मध्यंतर.

वाईट सिनेमा मी माफ करते, तुम्हाला माहीत आहे. मी काय काय सहन केलंय त्याला साक्षीदार इथेच आहेत. माझं डोकं फिरतं ते वेगळ्या गोष्टीने. पहिल्या भागात त्या हिरोने काहीतरी मोजलेलं असतं. माणूस गमावलेला असतो, किंवा जन्मभराची बोच लावून घेतलेली असते. आपण रडतो ते त्यासाठी. मग पुढचा भाग येतो आणि ती किंमत गुपचूप त्याच्या खिशात परत घालतो. वर आपल्याकडे बघून हसतो.

जुन्या मंडळींना बाबांचा किस्सा माहीत आहे, त्यांनी पुढचं सोडून दिलं तरी चालेल. नको, सोडू नका. आज त्यात भर पडली आहे.

२००४. 'स्पायडर-मॅन २'. मैत्रिणीने ऐन वेळी टांग दिली म्हणून तिच्या तिकिटावर बाबा आले. "कोळ्याचा सिनेमा," असं घरातून निघताना आईला सांगून. पहिला भाग त्यांनी पाहिला नव्हता, त्यामुळे जाहिराती चालू असताना मी त्यांच्या कानात गोष्ट सांगितली. कुस्तीच्या मॅनेजरने ठरलेले पैसे दिले नाहीत, म्हणून त्याला लुटून पळणाऱ्या चोराला या मुलाने रागारागात वाट करून दिली, आणि तोच चोर बाहेर याच्या काकांच्या जिवावर उठला. बाबा जरा गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे हा प्रायश्चित्त करतोय."

इतकी वर्षं मी त्या कोळ्याच्या मागे, आणि एवढं नेमकं मला कधी सुचलं नव्हतं.

बाबा सिनेमात झोपतात. आमच्या घरातलं ते सर्वमान्य सत्य आहे. पण ट्रेनचा प्रसंग आला तेव्हा टक्क जागे होते. ब्रेक गेलेली ट्रेन तो पोरगा दोन्ही हातांनी जाळी ताणून अडवतो, बेशुद्ध पडतो, आणि डब्यातली माणसं त्याला डोक्यावरून, हातांवरून हळूहळू आत घेतात. तोंडावर मुखवटा नाही. सगळ्यांना दिसतं की हा तर कोवळा मुलगा आहे. दोन लहान मुलं त्याचा मुखवटा त्याला परत देतात. मी बाजूला पाहिलं तर बाबांनी चष्मा काढलेला. पुसत पुसत म्हणाले, "याच्या काकूला कळलं तर?"

त्या एका वाक्यासाठी मी सगळ्या सुपरहिरोंना आजवर खपवून घेतलंय.

मग २००७. या वेळी बाबांनीच विचारलं, "त्या मुलाचा पुढचा आलाय ना?" कोळ्याचा नाही म्हणाले. त्या मुलाचा. आम्ही गेलो. आणि पोलीस पीटरला, म्हणजे त्या मुलाला, बोलावून सांगतात की काकांना मारणारा तो चोर नव्हताच, दुसराच कोणी होता, फ्लिंट मार्को. बाबा माझ्याकडे झुकले. "म्हणजे याची चूक नव्हतीच?"

काय सांगणार होते मी?

पुढे तर तो काळा पोशाख येतो, पीटर कपाळावर केस ओढतो आणि भर रस्त्यात पोरींकडे बोटं रोखत नाचत सुटतो. थिएटर हसत होतं, थोडं त्याच्याबरोबर, बरंचसं त्याला. बाबांनी अगदी प्रामाणिकपणे, खरोखरच खात्री करून घ्यायला विचारलं, "तोच मुलगा का हा?"

त्यानंतर बाबा एकाही सुपरहिरोच्या सिनेमाला आले नाहीत. विचारलं की "तू जाऊन ये" म्हणतात.

हो, माहीत आहे. सिनेमाच्या शेवटी मार्को सांगतो की तो चोर पळत येऊन त्याला धडकला म्हणून गोळी सुटली, म्हणजे पीटरचा दोष पुरता धुतला जात नाही. एका मित्राने मला हे कागदावर बाण काढून समजावलंय. ठीक आहे. आणि पीटर त्याला माफ करतो तो क्षण चांगला आहे. आणि वाळूच्या कणाकणातून उठून उभं राहायची मार्कोची धडपड, मुलीचं लॉकेट उचलताना ढासळणारे ते हात, एक शब्द न बोलता, ते तर त्या तिन्ही सिनेमांतलं सर्वांत सुंदर आहे. घ्या, सगळं मान्य केलं. पण ज्याला आपली चूक समजण्यासाठी बाण काढून दाखवावे लागतात, त्याचं प्रायश्चित्त कसलं डोंबलाचं?

आणि यात दिग्दर्शक सॅम रेमीला तरी किती बोल लावायचा? त्याला व्हेनम हा व्हिलन नकोच होता, तो निर्मात्यांच्या आग्रहाने घुसला हे सगळ्या जगाला माहीत आहे. एका सिनेमात तीन व्हिलन, दोन नायिका, एक परग्रहावरचा काळा डिंक. कार्यालयात पाहुणे वाढले की जेवणाची होते तशी गत. चौथा भाग निघणार होता, तो २०१० मध्ये बारगळला. त्या मुलाला नीट निरोपसुद्धा मिळाला नाही.

बरं, नव्या संचाने तरी शहाणं व्हावं? 'द अमेझिंग स्पायडर-मॅन २', २०१४. पीटरची मैत्रीण ग्वेन मरते. पीटर तिला जाळ्याने पकडतो आणि तरी ती मरते, आणि नवा पीटर अँड्र्यू गारफिल्ड तिथे जे काही करतो ते बघून दगडाला पाझर फुटेल. तिथे थांबायचं ना! नाही. लगेच हसतखेळत गेंड्याच्या यंत्रात बसलेला माणूस आणा, कारण पुढे सहा व्हिलनांचा सिनेमा विकायचा होता. जो कधी आलाच नाही! कोवळ्या मुलीच्या प्रेतावर तुम्ही कशाची जाहिरात लावलीत, तर न बनलेल्या सिनेमाची.

(हो, २०२१ मध्ये 'नो वे होम'मध्ये तोच गारफिल्ड दुसऱ्या मुलीला पडताना झेलतो आणि त्याचे डोळे भरून येतात. तिथे मी हुंदके देऊन रडले. सात वर्षांची थकबाकी चुकती झाली. हे त्यांना जमतं, म्हणूनच तर राग जास्त येतो.)

आता 'लोगन'. २०१७. लोगन म्हणजे एक्स-मेनमधला वुल्व्हरिन, ह्यू जॅकमनने २००० पासून ते पात्र अंगावर वागवलेलं. म्हातारा, खोकणारा, पंजे धड बाहेर येत नाहीत असा वुल्व्हरिन. शेवटी त्याने जिला वाचवलं ती पोर त्याच्या थडग्यावरचा क्रॉस उचलून तिरका लावते, त्याचा एक्स होतो, बस. यापेक्षा नीट निरोप कोणाला मिळालाय? आणि २०२४ चा 'डेडपूल अँड वुल्व्हरिन' सुरू कसा होतो? ते थडगं उकरून. त्याच लोगनच्या हाडांनी मारामारी. नाच करत.

मी हसले. दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा स्वतःहून तिकीट काढून. म्हणून तर आज दुपारपासून मला स्वतःचाही राग येतोय. त्या पोराला मरण खरं वाटत नाही, यात माझ्या तिकिटांचाही वाटा आहेच की.

'वंडर वुमन १९८४'चं बोलायलाच नको होतं, पण आता विषय निघालाच आहे. पहिल्या भागात तिचा प्रियकर स्टीव्ह विषारी वायूने भरलेलं विमान आकाशात नेऊन स्वतःसकट उडवतो. दुसऱ्या भागात एका दगडाकडे इच्छा मागितली की आला परत. तिला त्याला पुन्हा सोडावं लागतं, मान्य, तो प्रसंग बराच म्हणायचा. पण ज्या अनोळखी माणसाच्या शरीरात स्टीव्ह येऊन राहिला, त्या बिचाऱ्याला विचारलं कोणी? जगाची काळजी वाहणारी बाई त्याची साधी चौकशी करत नाही. शेवटी तो भेटतो तर ही त्याला म्हणते, तुमचे कपडे छान आहेत.

'जोकर'चा दुसरा भाग म्हणजे याच्या बरोबर उलटा गुन्हा. २०१९ मध्ये व्हेनिस महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, गोल्डन लायन, घेतलेला सिनेमा. पाच वर्षांनी त्याच दिग्दर्शकाने पहिला भाग आवडल्याबद्दल प्रेक्षकालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं, तेही गाणी म्हणत. धाडस होतं म्हणता? असेल. मला दंड भरायला बोलावल्यासारखं वाटलं.

एक्स-मेनवाल्यांनी फिनिक्सची गोष्ट २००६ मध्ये बिघडवली आणि २०१९ मध्ये तीच पुन्हा बिघडवली. लेखक सायमन किनबर्ग दोन्ही वेळा होताच, दुसऱ्यांदा तर दिग्दर्शकही तोच. यावर मी जास्त बोलत नाही. हिंदीत 'क्रिश'नंतर थेट 'क्रिश ३' आला, दुसरा नंबर गायबच, ते मला एका अर्थी सगळ्यांत प्रामाणिक वाटलं.

लिहिता लिहिता जरा शांत झाले, तर एक सांगते. 'सुपरमॅन ४' सगळे हसायला काढतात. १९८७. मी कधीच हसत नाही. ठरलेला पैसा निम्म्याहून जास्त कापला गेला. उडण्याचं तेच दृश्य पुन्हा पुन्हा वापरलंय, न्यूयॉर्कमधली संयुक्त राष्ट्रांची इमारत म्हणून इंग्लंडमधलं मिल्टन कीन्स दाखवलंय, आणि एक बाई अंतराळात जाऊनही व्यवस्थित श्वास घेते. भयंकर आहे. पण सुपरमॅन झालेल्या ख्रिस्तोफर रीव्हला खरंच अण्वस्त्रांबद्दल काहीतरी सांगायचं होतं, कथा घडवण्यात त्याचा हात होता. तो माणूस त्या फाटक्या पडद्यासमोरही मनापासून उडतो. बाबांना मी तो टीव्हीवर दाखवला होता. त्यांनी विचारलं नाही, तोच मुलगा का हा. तोच होता, दिसत होतं ना. गरिबीने वाईट झालेला सिनेमा आणि पैसा उतू जाऊन वाईट झालेला सिनेमा यांना एका माळेत ओवू नका एवढंच माझं म्हणणं आहे.

(आणि हो, १९७८ च्या पहिल्या 'सुपरमॅन'मध्येच त्याची लाडकी लोइस मरते आणि हा पृथ्वीभोवती उलटा फिरून काळ मागे नेतो, म्हणजे ही किंमत परत करायची खोड पहिल्यापासूनचीच. कोणीतरी कमेंटमध्ये टाकणार, त्याआधी मीच टाकते. त्याला मी काय उत्तर देऊ? रीव्ह आहे. त्याला सगळं माफ.)

थांबा, भाचा हाक मारतोय. आलेच.

वरचं सगळं संध्याकाळी लिहून तसंच ठेवलं होतं. आता रात्रीचे साडेदहा झालेत. जेवणं झाल्यावर मी त्याला म्हटलं, चल, एक जुना दाखवते. 'स्पायडर-मॅन २' लावला. त्याला आधी ग्राफिक्स हसू आणणारे वाटले, "हे किती जुनंय, आत्या." बाबा पलीकडे खुर्चीत पेपर घेऊन. झोपलेले असावेत असं मी धरून चालले होते.

ट्रेन आली. जाळी ताणली, सुटली, पुन्हा ताणली. भाचा हळूहळू माझ्या अंगावर रेलला. ती माणसं त्याला हातांवरून आत घेत होती तेव्हा तो एकदम गप्प होता. खूप वेळाने बारीक आवाजात म्हणाला, "त्याला खूप लागलंय." मी म्हटलं, हो. "घरी कोण आहे त्याच्या?" मी म्हटलं, काकू.

सिनेमा संपला, नावं वर जायला लागली, तसा तो सावरून बसला आणि त्याने विचारलंच. "याच्या पुढच्या भागात काय होतं?"

मी रिमोट शोधायच्या निमित्ताने मान खाली घातली. "याला पुढचा भाग नाहीये."

"खरंच?" त्याने आजोबांकडे पाहिलं. त्याला माझ्यापेक्षा त्यांच्यावर भरवसा जास्त.

बाबांनी पेपरातून मान वर न काढता सांगितलं, "नाहीये रे. एवढाच आहे."