एस्थर फिलिप्स म्हणजे नुसतं डिस्को नव्हे
तुमचा लेख आवडला, पण त्यात एस्थर फिलिप्स या अमेरिकन गायिकेला १९७५च्या 'व्हॉट अ डिफरन्स अ डे मेक्स' या एका डिस्को हिटवर उरकून टाकलंत, हे काही पटलं नाही. ही बाई १९५०मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, बँडप्रमुख जॉनी ओटिसच्या बँडबरोबर 'डबल क्रॉसिंग ब्लूज' गाऊन आर अँड बीच्या (ऱ्हिदम अँड ब्लूज, कृष्णवर्णीय अमेरिकनांचं लोकप्रिय संगीत) यादीत पहिल्या क्रमांकावर गेली होती. पुढे हेरॉइनने घात केला. १९६२मध्ये परतली ती चक्क 'रिलीज मी' हे कंट्री (अमेरिकन ग्रामीण ढंगाचं) गाणं घेऊन, आणि तेही गाजवलं. (आडनाव म्हणे पेट्रोल पंपाच्या पाटीवरून उचललेलं!)

१९७२चं 'होम इज व्हेअर द हेट्रेड इज' मात्र हेडफोन लावून ऐकाच. अमेरिकन कवी-गायक गिल स्कॉट-हेरनने नशेत रुतलेल्या माणसावर लिहिलेलं गाणं, आणि गाणारी स्वतः त्यातून गेलेली. नाकातला, किंचित चिरका आवाज. कुठेही गळा काढणं नाही. हे गाणं असलेल्या अल्बमचं ग्रॅमी हुकलं, तेव्हा सोल गायिका अरेथा फ्रँकलिनने स्वतःला मिळालेलं तिच्या हाती ठेवलं. १९७०चा 'बर्निन', लॉस एंजेलिसच्या क्लबमधला लाइव्ह अल्बम, तर कुणाच्या खिजगणतीतही नाही. पुढचा लेख त्यावर येऊ द्या की राव!