पान ८७

बाबा अमेरिकेत आल्यापासून त्यांना माझी एकच गोष्ट खटकत होती. कुठेही जायचं म्हटलं की मी आधी पुस्तक उघडतो. "आम्ही राजगडला काय पुस्तक घेऊन जायचो? गुंजवण्यात उतरायचं आणि पहिला भेटेल त्या म्हाताऱ्याला विचारायचं."

पण माझं पुस्तक साधं नाही. राष्ट्रीय उद्यानांत निसर्गाचे फोटो काढणाऱ्यांसाठी लिहिलेलं गाइडबुक आहे ते. जागा कुठली, महिना कुठला, उजेड कुठून येणार, लेन्स किती मिलिमीटरची, ट्रायपॉड कुठल्या दगडापाशी रोवायचा, सगळं त्यात आहे. फक्त बटण दाबायचं काम लेखकानं आपल्यावर सोडलंय. मी ते सेकंडहँड घेतलं. पान ८७ वर कॅनियनलँड्स उद्यानातल्या मेसा आर्च या दगडी कमानीच्या फोटोखाली आधीच्या मालकानं पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं: 'याहून लवकर जा.' वाचलं होतं मी. पण छापलेलं नव्हतं, म्हणून मनावर घेतलं नाही.

खरं तर छापलेल्यानंही मला एकदा तोंडावर पाडलंय. मेसा आर्चला जायच्या आधीच्या वर्षी वायोमिंगमधल्या ग्रँड टीटन उद्यानात गेलो होतो. तिथे स्नेक नदीच्या काठावर एक ठिकाण आहे, जिथून निसर्गाचे फोटो काढणाऱ्या अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सनं १९४२ साली नदीच्या वळणाचा तो जगप्रसिद्ध कृष्णधवल फोटो काढला. पुस्तकानं सांगितलेल्या जागी पुस्तकानं सांगितलेल्या वेळी उभा राहिलो. डोंगर होते, ढग होते, फक्त नदी दिसेना. एवढ्या वर्षांत मधली झाडं वाढली आणि वळण त्यांच्यामागे गेलं. माझ्याकडे आता झाडांचे ४० फोटो आहेत. छान आलेत.

तरी ऑक्टोबरात आई-बाबांना घेऊन डेन्व्हरहून मोआबला निघालो. यूटामधलं हे छोटं गाव म्हणजे कॅनियनलँड्स आणि आर्चेस या दोन्ही उद्यानांचं दार. मी एक्सेल शीट केली होती. ४.१५ उठणे, ४.४० निघणे, ५.३० मेसा आर्चला पोहोचणे, ७.३० च्या सुमारास सूर्योदय. बायकोनं शीट खालपर्यंत वाचली आणि विचारलं, "पुस्तक लिहिणाऱ्याचं लग्न झालंय का रे?"

शीटमध्ये चहा नव्हता. आईनं मोटेलच्या कॉफी मशीनमध्ये आलं घालून तो केला, थर्मासात भरला, मग थर्मासाचं झाकण सापडेना. निघायला सव्वापाच झाले. पुस्तकात लिहिलंय, 'पहाटेच्या अंधारात इथे बहुधा तुम्ही एकटेच असाल.' पोहोचलो तर पार्किंगमध्ये शेवटच्या दोन जागा उरल्या होत्या आणि पायवाटेवर हेडलॅम्पची रांग लागली होती. आषाढीला दर्शनबारीत उभं राहिल्यासारखं वाटलं. आई-बाबांची सोय बघत मी मागेच राहिलो, आणि माझ्या पुढे जाणाऱ्या एकूण एक माणसाच्या काखेत तेच पुस्तक असावं असा मला संशय आला.

वाट अर्ध्या मैलाचीसुद्धा नाही. कमान कड्याच्या अगदी टोकाला आहे आणि तिच्यासमोर ट्रायपॉडांचे पाय एकमेकांत अडकवून तीसेक माणसं थंडीत गप्प उभी होती. पण मी दहा वर्षं डोंबिवली लोकलनं जा-ये केलेली आहे. चौथी सीट मिळवायची विद्या माणूस विसरत नाही. "एक्सक्यूज मी" म्हणत आधी ट्रायपॉडचा एक पाय घातला, मग दुसरा, मग स्वतःचा.

तेवढ्यात मागून बाबांचा आवाज आला. "अरे, हे तर नेढं!"

तीस डोकी वळली.

"राजगडाला आहे की! रतनगडालाही आहे. खडकाला आरपार भोक. हे बघायला रात्री उठवलंस होय?" मग चहा आपलं काम करू लागला, आणि "जरा आडोशाला जाऊन येतो" म्हणून ते झुडपांकडे निघाले. मी जागा सोडून धावलो. तिथली माती जिवंत असते. वर जी काळपट, खडबडीत खपली दिसते तिच्यात सूक्ष्म जीव, शेवाळ, दगडफूल असं सगळं एकमेकांना धरून असतं. त्यामुळेच वाळवंटाची माती उडून जात नाही, आणि एका पावलानं ती मोडली तर भरून यायला कित्येक वर्षं लागतात. बाबांना एवढं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मातीसुद्धा जिवंत," ते म्हणाले, "आणि मी?"

पुस्तकाच्या सूचीत 'स्वच्छतागृह' हा शब्द नाही. मी तपासलं.

बाबांना गाडीनं पोहोचवून आणेपर्यंत माझी चौथी सीट गेली होती. दोघांच्या खांद्यांमधून कॅमेरा उंच धरला. आणि सूर्य वर आला. त्याचं ऊन आधी कमानीखालच्या उभ्या कड्यावर पडतं, तिथून उलटून वर येतं आणि कमानीची आतली बाजू निखाऱ्यासारखी पेटते. सगळे शटर एकदम वाजले. पुस्तकानं इथे मात्र अक्षरशः खरं सांगितलं होतं.

"ती बघ, धुणं धुतेय," बाबा म्हणाले. कमानीतून पलीकडे पाहिलं तर लांबवर खरंच एक सुळका होता, बादलीवर वाकलेल्या बाईसारखा. त्याचं नावच 'वॉशर वुमन'. पान ८७ मी तोंडपाठ केलं होतं, पण ती बाई बाबांनी दाखवली तेव्हा दिसली.

संध्याकाळी आर्चेस उद्यानातल्या डेलिकेट आर्च या कमानीला गेलो. जाऊन-येऊन तीन मैल, सावली नाही, चढ आहे. तिथे कमानीखाली सेल्फी घेणाऱ्या एका जोडप्यावर पन्नास फोटोग्राफर एकसुरात ओरडत होते. जास्त सांगण्यासारखं काही नाही.

रात्री लॅपटॉपवर मेसा आर्चचा फोटो उघडून पुस्तकाशेजारी धरला. तीच कमान, तोच निखारा, तोच कोन. बायकोनं दोन्हीकडे नीट पाहिलं. "पुस्तकातला स्कॅन केलास?"

"मी काढलाय!"

"पण हा होता ना आपल्याकडे आधीच?"

बाबांनीही मोबाइलवर एक काढला होता. त्यात कमानीचा डावा कोपरा आहे, एका जपानी गृहस्थाची टोपी आहे आणि कोपऱ्यात थर्मास धरलेली आई हसतेय. तो त्यांनी त्यांच्या जुन्या ट्रेकर मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: 'अमेरिकेतलं नेढं. राजगडाची सर नाही. चढ अजिबात नाही.'

पाच मिनिटांत पुण्याहून उत्तर आलं: 'वर ताक मिळतं का?'