भाऊसाहेब, ‘सदृश’ हा शब्द माझा नव्हे

भाऊसाहेब, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा तो ओसरल्यावर वाचली. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, पण ३४ वर्षं महसूल खात्यात, आधी तलाठी आणि मग सर्कल (मंडळ अधिकारी) म्हणून काढली, असं लिहिलंय. तेव्हा आमच्याकडच्या रीतीने भाऊसाहेबच म्हणतो.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. गेल्या आठवड्यात मी रोजच्या कानावरून जाणाऱ्या पंचवीसेक शब्दांच्या माझ्या व्याख्या लिहिल्या होत्या. ‘तत्त्वतः : नाही, पण हसून.’ ‘पालकमंत्री : झेंडावंदनाला जिल्ह्यात येणारा पालक.’ अशा. त्यावर भाऊसाहेबांचे आक्षेप असे की, शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि आजची पोरं शब्दांची टिंगल करतात. कोशात राजकारण आणू नये. माझा रोख एकाच पक्षावर आहे. आणि तलाठ्याची व्याख्या लिहिणाऱ्याने एक पावसाळा सज्जावर, म्हणजे तलाठ्याकडे असलेल्या गावांच्या गटात, काढून दाखवावा.

शेवटचा आक्षेप शेवटी घेतो. तिथे माझी बाजू पडकी आहे.

राज्यव्यवहारकोशाची आठवण तुम्ही काढलीत हे बरं झालं. रघुनाथपंत हणमंत्यांनी सिद्ध केलेल्या त्या कोशात फारसी वळणाच्या राजशब्दांना संस्कृत पर्याय दिले. त्याच सुमारास मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला. पण अमात्य म्हटल्यावर त्या माणसाने हिशेब बघायचं सोडलं नाही. नाव बदललं, काम तेच राहिलं. मी ज्या शब्दांवर लिहिलं त्यांचं उलटं झालंय. पाटी जुनीच आहे, आतलं दुकान उठून गेलंय. मी फक्त दाराशी उभा राहून ते सांगितलं.

आणि कोशात राजकारण नको म्हणता, तर सॅम्युएल जॉन्सनचं काय करायचं? त्याने १७५५ च्या इंग्रजी कोशात ‘पेन्शन’ या शब्दाखाली लिहून ठेवलं की इंग्लंडात याचा अर्थ सरकारच्या भाडोत्री माणसाला देशद्रोहाबद्दल मिळणारा पैसा असा घेतात. पुढे १७६२ मध्ये त्याला स्वतःलाच राजाकडून वर्षाला ३०० पौंडांचं पेन्शन सुरू झालं आणि त्याने ते घेतलं. (तुमचं पेन्शन ३४ वर्षं चिखल तुडवून मिळालेलं आहे. त्याच्या वाटेला मी गेलेलो नाही, जाणारही नाही.)

आता ‘सदृश’. माझी व्याख्या होती: ‘सदृश : समोर दिसतंय ते आहे असं न म्हणता सही करण्याची सोय.’ तुम्ही लिहिलंत, कालिदासापासून चालत आलेला शब्द आहे, त्याला बदनाम करू नका. पण भाऊसाहेब, कवींच्या सदृशात सहसा दोन वस्तू असतात. मुख असतं, आणि चंद्र असतो. आपल्याकडे ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ म्हणतात तेव्हा दुष्काळाला उपमा कशाची दिलेली असते? दुष्काळाचीच. वस्तूला तिचीच उपमा देणारा अनन्वय अलंकार संस्कृतात आहे, पण तो वस्तू अजोड आहे हे सांगायला. आहे ते नाकारणारा अनन्वय मंत्रालयात जन्मला.

याची मुळं बरीच खोल आहेत, आणि ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. १९६३ मध्ये महाराष्ट्राने एक कायदा केला. राज्याला लागू असलेल्या सगळ्या कायद्यांमधून ‘फॅमिन’ हा शब्द काढून टाकण्याचा कायदा. जिथे जिथे फॅमिन होतं तिथे तिथे ‘स्कॅर्सिटी’, म्हणजे टंचाई. आता राज्यात तशी वेळ येऊच शकत नाही, सबब शब्दाची गरज नाही, असा त्यामागचा विश्वास. फॅमिन म्हणजे माणसं उपाशी मरणं आणि अवर्षण म्हणजे पाऊस न पडणं, हा फरक मला कळतो. पण आपल्या माणसाने दोन्हीला दुष्काळच म्हटलंय. शब्द काढल्यावर नऊच वर्षांत बहात्तर साल उजाडलं.

माझी आजी बहात्तरला पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होती. पदरात सुकडी (कामावर मिळणारा पौष्टिक पिठाचा खाऊ) बांधून घरी आणायची. लाल मिलोची (परदेशातून आलेल्या ज्वारीची) भाकर थापताना तुटायची, हे ती मरेपर्यंत सांगायची. धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या गावात त्या पिढीची माणसं सनावळ्या बहात्तरपासूनच मोजत. ‘तुझा बाप बहात्तरच्या आदल्या साली झाला.’ आजवर एकाही म्हातारीच्या तोंडून मी ‘बहात्तरची टंचाई’ ऐकलेली नाही. कायद्याने काढलेला शब्द माणसांनी वापरायचा थांबवला नाही, एवढाच या गोष्टीतला विनोद. तो मी केलेला नाही.

मग २०१६. तुम्ही तेव्हा नोकरीत असाल किंवा नुकते सुटला असाल. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची गाडी लातूरला पोचली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी. पाण्याने भरलेली आगगाडी बघायला माणसं रुळाकडेला उभी होती. आणि त्या दिवशी सरकारी कागदावर मराठवाड्यात काय होतं? सदृश. ‘दुष्काळ’ असं सरळ म्हणायला मे उजाडावा लागला, तेही प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेल्यावर. तेव्हा सरकारने काय केलं ते पाहा: आधीच्या आदेशांत जिथे दुष्काळसदृश म्हटलं आहे तिथे दुष्काळ असं वाचावं. २९ हजारांहून जास्त गावांत एका शुद्धिपत्रकाने दुष्काळ पडला. मालगाडी शब्दाच्या महिनाभर आधी पोचली होती.

तुम्ही म्हणाल शब्दाने काय फरक पडतो, टँकर तर चालूच होते. फरक पडतो हे तुमच्याइतकं कोण जाणतं? जमीन महसुलात सूट, कर्जाचं पुनर्गठन, वीजबिलातली सवलत, पोरांची परीक्षा फी, हे सगळं त्या एका शब्दाच्या शेपटाला बांधलेलं असतं. म्हणून तर तो शब्द इतका जपून वापरतात. २०१८ च्या ऑक्टोबरात आधी १८० तालुक्यांत दुष्काळसदृश झालं, आठवड्याभराने १५१ तालुक्यांत दुष्काळ. मधले २९ तालुके त्या दिवशी सदृशातच राहिले. तिथल्या विहिरींना हा फरक समजावून सांगायला कुणाला पाठवलं होतं, ते समजलं नाही.

आता पक्षाचं. १९६३ चा कायदा काँग्रेसच्या राज्यातला, २०१६ आणि २०१८ भाजप-शिवसेनेचं. लेखात ‘सरसकट’ आणि ‘कोरा’ हे दोन शब्द मी मुद्दाम खालीवर ठेवले होते, तुम्ही वरचा तेवढा वाचलात. ‘सरसकट : निकषांसह.’ ही २०१७ ची. पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सरसकट कर्जमाफी तत्त्वतः मान्य झाली, आणि महिना संपायच्या आत सरसकटला दीड लाखाची मर्यादा लागली. त्याखालची व्याख्या: ‘कोरा (सातबारा) : दोन लाखांपर्यंत पांढरा.’ ही २०१९ ची, महाविकास आघाडीची. सातबारा कोरा करू म्हणणारेही दोन लाखांवर येऊन थांबले. दीड लाखाचे सरसकट आणि दोन लाखांचे कोरे यांत मला तरी पन्नास हजारांचाच फरक दिसतो.

‘पहाट’वर मात्र तुम्ही मला पकडलंत असं तुम्हाला वाटतं. २३ नोव्हेंबर २०१९ चा फडणवीस-अजित पवारांचा शपथविधी सकाळी आठच्या सुमारास झाला, त्याला पहाटेचा म्हणणं ही दिशाभूल आहे, असं तुमचं म्हणणं. अहो, माझी व्याख्याच ती होती! ‘पहाट : सकाळचे आठ, जर लोक झोपेत असतील तर.’ राष्ट्रपती राजवट उठल्याची अधिसूचना निघाली ती ५ वाजून ४७ मिनिटांनी. पहाट म्हणायची तर ती. पण महाराष्ट्राने टीव्ही लावला तेव्हा सगळं उरकलेलं होतं, म्हणून लोकांच्या तोंडी पहाटच बसली. आणि त्या सरकारात दोन पक्षांची माणसं होती, हेही लक्षात घ्या.

एक कबुली इथेच देऊन टाकतो. ‘तेहतीस टक्के’ (पीकनुकसानीची मदत मिळायला लागणारं किमान नुकसान) या शब्दाखाली मी लिहिलं होतं, ‘बत्तीस टक्के नुकसान झालं तर ते झालेलंच नसतं.’ हे खरंच आहे. पण २०१५ पर्यंत हा आकडा ५० होता आणि तो केंद्रातल्या सध्याच्याच सरकारने खाली आणला, हे मी लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण वाक्याची मजा गेली असती. हे कारण लबाडीचं आहे.

आणि तलाठी. ‘तलाठी : सज्जावर सापडला तर दिवस चांगला.’ लेखात सगळ्यात जास्त हशा या ओळीला मिळाला. तुम्ही लिहिलंत, ‘माझ्याकडे पाच गावं होती, चार गावांना मी कधीच सापडत नव्हतो कारण पाचव्या गावात होतो.’ हे वाचून मला एक जुनी गोष्ट आठवली, जी लेख लिहिताना सोयीस्करपणे आठवली नव्हती.

२०१४ च्या मार्चमधली गारपीट. ज्वारी आडवी, हरभऱ्याचे घाटे जमिनीत रुतलेले. चौथ्या दिवशी तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक असे तिघे दोन मोटारसायकलींवर आमच्या रानात आले. बाबांनी बांधावरच त्यांना फैलावर घेतलं, चार दिवस कुठं होता म्हणून. तलाठी काही बोलला नाही. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत. आमच्या एका वावरातलं नुकसान डोळ्यांनी पाहिलं तर चाळीस-पंचेचाळीस टक्के असेल. खालच्या अंगाची ज्वारी बरी उभी होती. तेव्हा अट पन्नासची. त्याने खालच्या अंगाकडे एकदा पाहिलं, बाबांकडे पाहिलंच नाही, आणि ५५ लिहिलं. आईने चहा ठेवते म्हटलं तर अजून तीन गावं आहेत म्हणून निघाला. तो गेल्यावर मी बाबांना म्हणालो, बघा, चहालासुद्धा सापडला नाही. आम्ही हसलो होतो. लेखातली ओळ तेव्हाचीच आहे, दहा-बारा वर्षांची शिळी.

तो ५५ चा आकडा नियमात बसतो का, हे तुम्हाला विचारत नाही. काय उत्तर द्याल ते ठाऊक आहे, आणि ते इथे छापायला नको.

तेव्हा तलाठ्याची व्याख्या आज काढून टाकली. तशीही ती पाटी आता बदलली आहे, हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं. गावात अजून कुणी म्हणत नाही, ते सोडा. पालकमंत्री, तत्त्वतः, सदृश आणि पहाट जागेवर राहतील. तलाठ्याच्या रिकाम्या जागी ‘सज्जा’ हा शब्द घ्यायचा विचार आहे, पण तो मी लिहिणार नाही, तुम्ही लिहून पाठवा. एक ओळ चालेल, पानभर चालेल. नाव घालू नको म्हणालात तर घालणार नाही.