सव्वा लाखाचा फ्रीज आणि सहा खडे बर्फ

नवतपा लागलाय. नागपुरात बाहेर 45, घरात कूलरसमोर बसलं तरी पाठ ओली. नणंद तिच्या दोन पोरांना घेऊन सुट्टीला आलीय, म्हणजे घरात सात माणसं. काल दुपारी पन्ह्याचं पातेलं भरून काढलं, आठ वर्षांच्या भाच्याला म्हटलं, जा, ग्लासात बर्फ घेऊन ये. पोरगं गेलं. ग्लास दाराच्या त्या चकचकीत कप्प्यात टेकवला. घर्र्र... घर्र्र... मोटर फिरतेय, आवाज असा की आता दरडच कोसळणार. पडलं काय? दोन खडे. तेही चिंचोक्याएवढे, मधून पोकळ. पोरगं ग्लासात बघतंय, माझ्याकडे बघतंय. "मामी, संपला."

सव्वा लाख मोजलेत मी या फ्रीजला. सव्वा लाख! दोन दारं, बाहेरून थंड पाणी, बाहेरून बर्फ, आत निळा दिवा. दुकानातला पोरगा म्हणाला होता, "मॅडम, दिवसाला दीड किलो बर्फ, तुम्ही फक्त ग्लास लावायचा." मी तागडी घेऊन बसले. परवाच्या चोवीस तासांत भरला 210 ग्रॅम. भाजीवाल्याचा पासंग यापेक्षा जड असतो.

सासूबाई काही बोलत नाहीत. त्यांनी फक्त माळ्यावरून जुन्या फ्रीजचे ॲल्युमिनियमचे दोन ट्रे काढायला लावले, घासले, पाणी भरलं आणि माझ्या सव्वा लाखाच्या फ्रीजरमध्ये नेऊन ठेवले. रात्री त्या ट्रेत बर्फ तयार. टणक, पांढरा, भरपूर. यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

बरं, मी गप्प बसले नव्हते. मार्चपासून तक्रार करतेय. हेल्पलाइनवर आधी तेरा मिनिटं गाणं, मग एक गोड आवाज. "मॅडम, फ्रीझरचं तापमान किती आहे?" उणे 18. "दार वारंवार उघडू नका." ताई, पाणी आणि बर्फ बाहेरून घेता यावा म्हणूनच तर एवढे पैसे दिले. "बर्फाच्या डब्यावरची दांडी वर राहिली आहे का?" नाही, खालीच आहे. डबा भरला की ती दांडी उचलली जाते आणि मशीन थांबतं, एवढं मलाही कळलं होतं. इथे डबा भरण्याची वाट बघून दांडीच गंजायची वेळ आलीय. "मग फिल्टर बदला." बदलला. 2,800 रुपये. दोन दिवस वाटलं जरा बरं आहे, तिसऱ्या दिवशी पुन्हा चिंचोके.

मग आला पहिला टेक्निशियन. आल्या-आल्या चप्पल दारात, चेहऱ्यावर घाई. फ्रीझर उघडला, मोबाइलची बॅटरी मारली, म्हणाला, "बर्फ तं बनून राह्यला ना, मॅडम."

बनून राह्यला! म्हटलं भाऊ, याला बर्फ म्हणतोस? त्याने खडा हातात घेतला, तो त्याच्या हातातच विरघळला. तरी म्हणतो, उन्हाळ्यात असंच होते जी. पावती 590 ची, जीएसटी धरून. उन्हाळ्यात असंच होते हे सांगायचे 590 रुपये. अरे, बर्फ लागतो कधी? थंडीत शेकोटीजवळ बसून खायला?

दुसरा आला तो जरा हुशार. त्याने बर्फाच्या साच्यात पाणी सोडणारी ती बारीक नळी दाखवली. तिच्या तोंडाशी बर्फाचा बुच बसलेला, बोटाएवढा. माझाच हेअर ड्रायर घेऊन पाच मिनिटं तिथे गरम वारा मारला, बुच सुटला, पाणी आलं. मी त्याला चहा पाजला, वर बाकरवडी दिली. आठ दिवसांनी पुन्हा बुच. परत बोलावलं तर म्हणतो, "बर्फाच्या मशीनची ॲसेम्ब्लीच गेली मॅडम, पूर्ण बदलवा लागते." किती? 11,400 आणि वर 18 टक्के जीएसटी. म्हणजे 13,452. नवरा म्हणाला, एवढ्यात साधा फ्रीज येतो. मी म्हटलं, तू गप बस, तुलाच निळा दिवा आवडला होता.

आणि हे सगळं चालू असताना एक गोष्ट माझ्या डोळ्यासमोर रोज घडत होती, कोणी विचारली असती तर सांगितली असती. सकाळी थोडा तरी बर्फ असायचा. दुपारी स्वयंपाक उरकला, बाटल्या भरून झाल्या, की बंद. रोज. पण विचारायला कोणाला वेळ? येतो तो फ्रीजचं दार उघडतो आणि आत डोकं घालतो.

शेवटी शोध कोणी लावला? आरओचा कँडल बदलायला आलेल्या पोराने. त्याला फ्रीजशी काही देणंघेणं नव्हतं. त्याने आरओच्या नळापासून निघालेली पांढरी नळी बघितली, ओट्यामागून ती फ्रीजच्या पाठीला गेलेली बघितली आणि म्हणाला, "मॅडम, हे पाणी चढन कसं?"

म्हणजे काय रे? त्याने फ्रीज ओढला, मागची नळी काढली, माझ्या मापाच्या कपात सोडली. आम्ही दोघं उभे राहून बघतोय. थेंब, थेंब, मग करंगळीच्या नखाएवढी धार. कप भरायला सव्वा मिनिट लागलं. घड्याळ लावून बघितलं मी.

झालंय असं की फ्रीज बसवायला आलेल्या महाभागाने नळी जोडली आरओच्या टाकीला. ती टाकी भिंतीवर साडेपाच-सहा फुटांवर, आणि बर्फाचा साचा फ्रीजरमध्ये वर, तोही जवळपास तेवढ्याच उंचीवर. रात्रभरात आरओ भरला की पातळी साच्याच्या अर्धा फूट वर, म्हणून सकाळी चार खडे. आम्ही दोन बाटल्या भरल्या की पातळी खाली, संपला खेळ. त्यात साच्यात पाणी सोडणारी फ्रीजची झडप उघडते काही सेकंदच. ती वेळ मोजते, पाणी मोजत नाही. तेवढ्या वेळात धार आली तर साचा भरतो, थेंब आले तर चिंचोके. आणि ही झडप घट्ट मिटायलाही मागून पाण्याचा जोर लागतो. जोर नसला की झिरपत राहते, आणि झिरपलेलं पाणी नळीच्या तोंडाशी गोठतं. तोच तो बुच. ज्याच्यासाठी मी बाकरवडी खर्च केली.

मग मी पुस्तिका काढली. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत, वॉरंटी कार्डाच्या खाली, कोणी न उघडलेली. बारीक अक्षरात लिहिलंय: पाण्याचा दाब कमीत कमी 20 पीएसआय. 20 पीएसआय म्हणजे पाण्याला किमान 14 मीटर उंची हवी. आमची अख्खी बिल्डिंग तीन मजल्यांची आहे हो! गच्चीवरची टाकी धरून, तळमजल्यावर फ्रीज ठेवला तरी 14 मीटर होत नाहीत. मी तिसऱ्या मजल्यावर. आणि मला मिळतोय तो आरओच्या टाकीचा अर्धा फूट, म्हणजे पाव पीएसआयसुद्धा नाही.

आता मला सांगा, नागपुरात किती घरांत नळाला 20 पीएसआय दाब आहे? सगळ्यांच्या डोक्यावर टाक्याच आहेत. काळ्या, उन्हात तापलेल्या. मे महिन्यात दुपारी नळ सोडला तर पाणी अंघोळीला विसण लागेल इतकं कडक. तेच आरओत, तेच फ्रीजमध्ये. 20 अंशांच्या पाण्यापेक्षा 45 अंशांच्या पाण्याचा बर्फ करायला जवळजवळ पावपट जास्त उष्णता काढावी लागते. पण दुकानात पत्ता विचारला, लिफ्ट आहे का विचारलं, हप्ता किती महिन्यांचा विचारलं. "ताई, तुमच्याकडे पाणी कसं येतं?" हा एक प्रश्न विचारायला जीभ झडली असती का? मी तेव्हाच बर्फाचं मशीन नसलेला घेतला असता, तीस हजार वाचले असते.

आरओवाला म्हणतो, आरओत असतो तसला छोटा बूस्टर पंप मध्ये टाकून देतो, अडॅप्टर धरून 1,900. तीन महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी आकडा सांगण्याआधी कारण सांगितलं. मी होकार देऊन टाकला. नंतर सुचलं, कॉम्प्रेसरची वॉरंटी अजून आहे, आधी कंपनीला विचारावं. विचारलं. बाहेरचा पंप लावला तर वॉरंटी रद्द. मग तुमचा पंप द्या! आमच्याकडे पंप येत नाही, मॅडम.

आज सकाळी त्या दुसऱ्या टेक्निशियनचा फोन. "मॅडम, ॲसेम्ब्ली आली, कधी येऊ लावायला?" मी शक्य तितक्या शांतपणे म्हटलं, भाऊ, ये, पण आधी मागची नळी काढून माझ्यासमोर पाण्याचा दाब मोजायचा, मग काय ती ॲसेम्ब्ली.

तिकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाला, "मॅडम, पाण्याची लाइन आमच्या कामात नाही येत."