आधी सुकवायचे किलो सांगा!

वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो त्या रत्नागिरीत वॉशिंग मशीनचं दुकान मांडून हा माणूस मला भर जुलैत सांगतो, ‘काकू, कपडे ९० टक्के सुकूनच बाहेर येतात, मग थोडा वेळ पंख्याखाली टाकायचे.’ अरे, पंखा तरी काय करणार? हवेतच पाणी आहे! रात्रभर पंख्याखाली घातलेल्या युनिफॉर्मची शिवण सकाळी गार लागते, काखेत तो कुबट वास, आणि मग शाळेची रिक्षा दारात उभी असताना मी इस्त्री घेऊन झटत असते.

मी स्वच्छ सांगितलं होतं, नुसतं गरगर फिरवून पिळणारं नको, गरम हवेने सुकवणारं हवं, आणि मोरीशेजारच्या कोपऱ्यात मावलं पाहिजे. मापं कागदावर लिहून नेली होती. कागदाकडे न बघताच म्हणाला, ‘६० बाय ६०, आरामात बसेल.’ मागचे पाण्याचे पाइप भिंतीत शिरणार आहेत का? पुढचं गोल दार उघडल्यावर मोरीत जायचं कुठून?

बरं, मशीनवर ‘८ किलो’ हे लांबून दिसेल एवढं मोठं. सुकवायचे ५, ते खाली बारीक अक्षरांत. म्हणजे ८ किलो धुवा, त्यातले ३ किलो ओलेचिंब बाहेर काढा, बादलीत कोंबून ठेवा आणि पहिला घाणा सुकेपर्यंत वाट बघा. हे विचारलं तर मला उलट विचारतो, ‘एका वेळी एवढे कपडे निघतात कुठे?’ दोन चादरी, चार टॉवेल, ह्यांची चिखलाने माखलेली पँट. ये घरी, दाखवते!

वेगळा ड्रायर घ्यावा तर साध्याची वाफ नळीने खिडकीबाहेर काढावी लागते, आणि खिडकीला ग्रिल. हीट पंपवाला, म्हणजे तीच गरम हवा आतल्या आत फिरवून सुकवणारा, त्या मानाने खूपच कमी वीज खातो, नळीही नको, पण तो यांच्याकडे बघायलाही ठेवलेला नाही. ‘मागवावा लागेल, पैसे आधी भरा.’

आणि तो बिल्डर! नकाशात ‘ड्राय बाल्कनी’ लिहून पैसे घेतले. तोंड पश्चिमेला, समुद्राकडे. पाऊस आडवा आत येतो. आधीच्या मशीनचा पत्रा खाऱ्या वाऱ्याने खालून पापुद्रे सुटून गेला. प्लगही साधा, १६ अँपिअरचा नाहीच. गॅलरीत दोरी बांधली तर सोसायटीची चिठ्ठी, इमारतीची शोभा जाते. पुण्याच्या नणंदबाई फोनवर सांगतात, ‘मशीनने कपडे विरतात गं, उन्हात घालत जा.’ वन्सं, ऊन पाठवा आधी!

मी आता दुसऱ्या दुकानात जाणार आहे. तिथे कुणी रंग, वायफाय आणि वॉरंटी सुरू केली तर मी ऐकणार नाही. आधी सुकवायचे किलो सांगायचे, मग पाइपासकट माप, आणि तेही टेप लावून, माझ्यासमोर.