गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आणि ‘उंदराच्या रक्ता’चा संदेश

घोडबंदर रस्त्यावरच्या आणि ऐरोली-कोपरखैरणे भागातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरणाऱ्या एका संदेशाचा आशय असा आहे: हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवण्यासाठी दिली जाणारी ‘रिकॉम्बिनंट’ (जनुक दुसऱ्या पेशीत घालून बनवलेली) इंजेक्शने उंदरासारख्या प्राण्याच्या रक्तापासून बनतात, ती आपली जनुके बदलतात, जुन्या स्वस्त औषधापेक्षा तसूभरही सरस नाहीत, नाटो (आंबवलेल्या सोयाबीनच्या जपानी पदार्थापासून बनलेल्या) कॅप्सूलने तेच काम होते, म्हणून संमतीपत्रावर सही करू नका. यातील एकाच विधानात थोडे तथ्य आहे, आणि ते नेमके संदेश लिहिणाऱ्याने नीट मांडलेले नाही.

प्राण्याच्या रक्ताचा संबंध मुळातच नाही. आपल्या रक्तवाहिन्यांचे अस्तर टीपीए नावाचे प्रथिन स्वतःच तयार करते. गुठळीचे धागे ज्याचे असतात त्या फायब्रिनला चिकटून ते रक्तातील निष्क्रिय प्लाझ्मिनोजेनचे सक्रिय प्लाझ्मिनमध्ये रूपांतर करते आणि प्लाझ्मिन गुठळीचे धागे तोडते. या मानवी प्रथिनाचे जनुक 1980च्या दशकाच्या आरंभी वेगळे करून हॅमस्टर या उंदरासारख्या छोट्या प्राण्याच्या अंडाशयापासून 1957 साली तयार झालेल्या पेशींमध्ये घालण्यात आले. त्या पेशी तेव्हापासून प्रयोगशाळेत वाढवल्या जात आहेत आणि औषधाच्या प्रत्येक खेपेसाठी प्राणी लागत नाही. अल्टेप्लेज या नावाने हे प्रथिन 1987 साली अमेरिकेत मंजूर झाले. रेटेप्लेज हे त्याचेच आखूड रूप तर ई. कोलाय जिवाणूत बनते, तिथे हॅमस्टरचा प्रश्नच येत नाही. रबाळ्यात केंद्र असलेल्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचे रेटेप्लेज भारतात विकले जाते, म्हणजे ज्या वस्तूबद्दल हा संदेश घाबरवतो, तिच्याशी संबंधित उद्योग ठाणे-बेलापूर मार्गावरच आहे.

जनुके बदलण्याची भीतीही निराधार आहे. जनुक कारखान्यातील पेशीत असते. कुपीत येते ते शुद्ध केलेले प्रथिन. ते आपल्या डीएनएत शिरत नाही, आणि अल्टेप्लेजचे रक्तातील प्रमाण तर सुमारे पाच मिनिटांतच निम्मे होते. टेनेक्टेप्लेज या त्याच्याच सुधारित रूपात रचना थोडी बदलून तो काळ सुमारे वीस मिनिटांवर नेला गेला, म्हणून ते वजनाप्रमाणे एकाच वेळी टोचता येते.

जुन्या औषधाचा मुद्दा मात्र विचार करण्याजोगा आहे. जिवाणूपासून मिळणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेजने मृत्यू कमी होतात, हे 17,187 रुग्णांच्या आयसिस-2 चाचणीत 1988 साली दिसले होते. त्याची टीपीएशी तुलना 1993 साली गुस्टो चाचणीत 41,021 रुग्णांवर झाली. तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण टीपीए वेगाने दिलेल्या गटात 6.3 टक्के, तर स्ट्रेप्टोकायनेजच्या दोन गटांत 7.2 आणि 7.4 टक्के होते. फरक खरा आहे, पण तो हजारामागे सुमारे दहा जिवांचा, आणि मेंदूत रक्तस्राव होण्याचे प्रमाण टीपीएत किंचित अधिक होते. म्हणून ‘तसूभरही सरस नाही’ हे जितके चूक, तितकेच ‘जुने औषध कुचकामी’ हेही चूक ठरेल. स्ट्रेप्टोकायनेज शरीराला परके असल्याने त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात व ते पुन्हा देणे टाळावे लागते. ही त्याची खरी अडचण. मानवी प्रथिनाची प्रत म्हणजे हमखास गुणकारी औषध, असेही मी म्हणणार नाही. हृदय निकामी होण्यावरील नेसिरिटाइड हे असेच प्रथिन 2001 साली अमेरिकेत मंजूर झाले, पण 2011 साली प्रसिद्ध झालेल्या सात हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत त्याने मृत्यू कमी केले नाहीत.

नाटो कॅप्सूलबद्दल थोडक्यात: अमेरिकेत 265 निरोगी लोकांवर सुमारे तीन वर्षे चाललेल्या आणि 2021 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिने मानेतील धमन्यांचा विकार वाढणे रोखले नाही. चालू झटक्यात तिच्यावर विसंबणे म्हणजे वेळ वाया घालवणे होय.

राहिला सहीचा सल्ला. झटक्याच्या एका प्रकारात हृदयाला रक्त पुरवणारी धमनी पूर्ण बंद पडते. त्यात सुमारे दोन तासांत अँजिओप्लास्टी शक्य असेल तर ती श्रेयस्कर, आणि शक्य नसेल, तर लक्षणे सुरू झाल्यापासून बारा तासांच्या आत गुठळी विरघळवणारे औषध दिले जाते. जितके लवकर तितका लाभ अधिक. हे औषध न देण्याची खरी कारणे वेगळीच आहेत: पूर्वी कधीही झालेला मेंदूतील रक्तस्राव, अलीकडचा पक्षाघात, डोक्याला नुकतीच झालेली गंभीर इजा, चालू असलेला अंतर्गत रक्तस्राव, किंवा आवाक्यात न येणारा अतिउच्च रक्तदाब. यांपैकी काही असल्यास नातेवाइकांनी ते रुग्णवाहिकेतच सांगावे.